जर्मनची टांग

बाजाराच्या दिवशी श्रावण गजभिये आधी मासळीच्या ओळीत जायचा. विलास नान्हेच्या टोपल्यासमोर उभा राहायचा, पॅन्टचा डावा पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळायचा आणि उघडी नडगी पुढे करायचा.

"हाणतो का आज?"

विलास बाजूला ठेवलेली बांबूची काठी उचलायचा, त्या नडगीवर टेकवायचा, नेम धरल्यासारखा एक डोळा बारीक करायचा आणि काठी पुन्हा खाली ठेवायचा.

"आज नाई."

मग श्रावण पॅन्ट खाली करायचा आणि मासोळ्या उलटसुलट करून पाहू लागायचा. नवीन गिऱ्हाईक घाबरून दोन पावलं मागे सरकायचं. आम्हा भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या बायांना त्याची सवय झाली होती. पण ही गंमत नव्हती बरं का. विलासला ती टांग खरंच मोडायची होती आणि श्रावण ती मोडून घ्यायला खरंच जात होता. कशी आणि का, ते सांगते.

श्रावणला सारे लोक जर्मन म्हणायचे. पेपरवाल्यांनी एकदा त्याचं कौतुक करताना लिहिलं होतं की हा जर्मन पद्धतीचा खेळ खेळतो म्हणून त्याचं नाव जर्मन पडलं. वाचून मला हसू आवरेना. अहो, ते नाव माझ्या गंजावरून पडलं!

मी लग्न होऊन आले तेव्हा आमचे हे गावच्या फुटबॉल क्लबचे गोलकीपर. सामना असला की लिंबाचं सरबत करायचं काम माझ्याकडे. माहेरून मला एक मोठा जर्मनचा गंज, म्हणजे पातेलं, मिळाला होता. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणतात. एका सामन्यात गोल झाला की नाही यावरून भांडण लागलं आणि पलीकडून दगड सुरू झाले. सारी टीम माझ्या पदराआड लपायला आली म्हटलं तरी चालेल. तेवढ्यात राइस मिलवर हमाली करणारा एक काळाकभिन्न पोरगा धावत आला, त्यानं माझं सगळं सरबत मातीत ओतलं, गंज डोक्यावर पालथा घातला आणि सरळ दगडांत घुसला. टण, टण, टण! आवाज अजून कानात आहे. दगडफेक करणाऱ्यांमधल्या दोघांचे दात पाडून तो परत आला. स्वतःच्या नाकातून रक्त गळत होतं. गंज माझ्यापुढे ठेवला. एका बाजूनं पार आत गेला होता.

"माफ करा वयनी, पिचकला. पण फुटला नाई. जर्मन हाये."

तेव्हापासून तो जर्मन. तो गंज मी कधी ठोकून सरळ केला नाही.

जर्मन बॅकला खेळायचा. त्याचं एकच सांगणं असे, "बॉल गेला तं जाऊ दे. मानूस नाई गेला पायजे." आणि तो जाऊ द्यायचाच नाही. समोरचा माणूस खांद्यानं, कोपरानं, नाहीतर गुडघ्यानं आडवा व्हायचा. आमचे हे म्हणायचे, माझ्यापर्यंत नुसते बॉल येतात, त्यांच्यामागून येणारा माणूस मी अजून पाहिला नाही. पंचांनी बाहेर काढलं तर तो त्यांच्यावरही धावून जायचा. घरी येऊन त्याची बायको कमल माझ्याजवळ रडायची, "थो माती चाटते, रगत सांडते, अन् मी हळद लावून राहिली." पण रविवार आला की तीच त्याचे बूट तेल लावून मऊ करायची.

मग सानगडीकडचा तो सामना आला. माझं माहेर त्या बाजूला, म्हणून मीही टीमच्या टेम्पोत बसून गेले. तिथल्या मंडळींनी आमच्याकडच्या कोणाला तरी विचारलं होतं, तुमच्याकडून कोण कोण येते? त्यानं सांगितलं, "जर्मन येते ना!" बस. त्यांनी गावोगाव लाउडस्पीकर फिरवला, "या हो या, आपल्या मैदानावर जर्मन खेळाडू!" आम्ही पोचलो तर मैदानाभोवती जत्रा. झाडांवर माणसं, घरांवर माणसं. बाया लेकरांना कडेवर घेऊन गोरा माणूस दाखवायला आलेल्या. एक म्हातारा हार घेऊन उभा.

टेम्पोतून आमचा जर्मन उतरला. तव्यासारखा काळा, राइस मिलचा कोंडा अजून कानात.

"गोरा कोठी हाये?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मीच हाव जी जर्मन," श्रावण म्हणाला आणि हारासाठी मान वाकवली.

म्हाताऱ्यानं हार मागे घेतला. आधी कोणीतरी एकटाच हसला, मग सारं मैदान हसलं. फसवलं, फसवलं म्हणत लोक चपला फेकू लागले. सामना सुरू झाला तरी हसू थांबेना. श्रावणच्या पायाला बॉल लागला की, "अबे काळा जर्मन!" समोरच्या टीममध्ये विलास नान्हे होता, वैनगंगेकाठच्या मासेमार ढिवरांचा पोरगा, मासोळीसारखा निसटणारा. त्यानं श्रावणच्या दोन पायांमधून बॉल काढला, पुढे गेला, वळला, आणि पुन्हा काढला. लोकांना चेव आला. विलास जवळून जाताना सगळ्यांना ऐकू येईल असं ओरडला, "का बे जर्मन, चुलीवर मांडू का तुले? चाय करतो!"

श्रावण इतका शांत झालेला मी पहिल्यांदा पाहिला. विलास पुन्हा बॉल घेऊन निघाला. श्रावणनं बॉलकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मागून आला आणि दोन्ही पाय उचलून त्याच्या डाव्या नडगीवर पडला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. एवढं मैदान, पण तो आवाज झाडावरच्या माणसालाही ऐकू गेला. विलासचा पाय मधोमध वळला होता.

मग लोक तुटून पडले. आमची पोरं टेम्पोकडे पळाली, आमच्या ह्यांनी मला ओढत नेलं. श्रावण पळाला नाही. तो विलासजवळ मांडी घालून बसला आणि त्याचा मोडलेला पाय दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवला. लोक त्याला लाथांनी, काठ्यांनी, चपलांनी मारत होते. गोलाचा बांबू उपटून कोणीतरी त्याच्या पाठीत घातला. कान फाटला, पुढचे दात गेले. पण पाय सोडून त्यानं एक हातही वर केला नाही. "हलवू नोका, हाड बाहेर येईन," एवढंच बोलत होता. शेवटी मारणाऱ्यांनाच काही सुचेना. त्यांनी खाट आणली आणि विलासला तिच्यावर ठेवलं, तेव्हाच यानं हात सोडले.

स्वतःच्या जखमा वाळल्यावर तो विलासच्या गावी गेला. आमचे हे सोबत होते, त्यांनी सांगितलेलं सांगते. दारात पाऊल ठेवताच विलासच्या बायकोनं चुलीतलं जळतं लाकूड फेकून मारलं. ते खांद्यावर बसलं, सदरा जळला. श्रावण तिथेच उभा. हाड वाकडं जुळलं होतं, विलास खाटेवर पडून होता. तो म्हणाला, "माफी मांगू नोको बे. मले तुही माफी कायले पायजे? मले तुही टांग पायजे. डावी. मी उभा झालो का तोडीन. तवरिक संभाळून ठेव."

"हाव," श्रावण म्हणाला. "ठेवतो."

त्या दिवसापासून त्यानं खेळणं सोडलं. आमच्या टीमची पोरं किती मागे लागली, काहून खेळत नाई बे? तो म्हणायचा, "टांग माही नाई आता. दुसऱ्याची हाये. मोडली बिडली तं काय देऊ त्याले?" खेळता येत नाही आणि मैदान सोडवत नाही, म्हणून तो क्लबचा सेक्रेटरी झाला. पुढे अध्यक्ष झाला. मरेपर्यंत होता.

अध्यक्ष म्हणजे तुम्ही खुर्ची-टेबल डोळ्यांपुढे आणाल. जर्मनचं ऑफिस म्हणजे गोलामागचं मोहाचं झाड. तिथे बसून तो सामने ठरवायचा, फुटलेले बॉल शिवायचा आणि पोरांना झोडपायचा. हो, झोडपायचाच. मी कितीदा म्हटलं, अरे, लेकरं आहेत. पण कोणी मागून पाय घातला की हा मैदानात घुसून त्याच्या कानाखाली काढायचा. स्वतःच्या पुतण्याला तर एकदा सगळ्यांसमोर चिखलात लोळवलं. "मानूस जाऊ दे!" ओरडायचा. "मानूस जाऊ दे, बॉल ठेव!" जुन्या लोकांना गंमत वाटायची, हा उलटं बोलून राहिला म्हणून.

तिकडे गोसीखुर्दच्या धरणात विलासचं गाव गेलं. पुनर्वसनात त्यांना जागा मिळाली, नदी दूर पडली. विलास लंगडत मासळी घेऊन आमच्या बाजारात बसू लागला. पहिल्याच बाजाराला जर्मन त्याच्यासमोर गेला आणि पॅन्ट वर केली. "आनली," म्हणाला. "हाण." विलासनं काठी उचलली. सारा बाजार थांबला. त्यानं बराच वेळ त्या नडगीकडे पाहिलं. "आज नाई," म्हणाला. "गिऱ्हाईक हाये." त्या दिवसापासून हे सुरू झालं. वर्षं गेली, दोघांचे केस पांढरे झाले, पण "हाणतो का" आणि "आज नाई" काही सुटलं नाही.

महामार्गाला लागून असलेल्या आमच्या मैदानावर मग एका पुढाऱ्याची नजर पडली. त्याला तिथे लग्नाचं लॉन करायचं होतं. एका बाजाराच्या दिवशी भरदुपारी त्याची माणसं गोलाचे लोखंडी खांब कापायला आली. जर्मन गोलाला मिठी मारून उभा राहिला. त्यांनी त्याला ओढून खाली पाडलं आणि सळयांनी मारायला लागले. मी मैदानासमोरच्या माझ्या दारातून ओरडत होते. आमचे हे म्हातारे, तरी फावडं घेऊन धावले. एकाचा हात यांनी मोडला, यांचं डोकं फुटलं. बाजारातून माणसं धावत आली. सगळ्यांच्या मागे लंगडत, काठी टेकत विलास.

एकानं जर्मनची डावी टांग धरून ताणली आणि दुसऱ्यानं तिच्यावर सळई उगारली. तेव्हा विलास असा काही किंचाळला की सळईवाल्याचा हात थबकला.

"त्या टांगेले हात नाई लावाचा बे! माही हाये थे!"

आणि काठी घालत सुटला. अहो, ती काठी इतकी वर्षं वाट पाहत होती. सळईवाल्याच्या मनगटावर बसली, मग तोंडावर, मग पाठीवर. विलास रडत होता आणि मारत होता. "माही हाये! माही हाये!" बाजाराच्या लोकांनी बाकीच्यांना चपलांनी धुतलं. पुढाऱ्याची माणसं गाडी तिथेच टाकून पळाली. मैदान वाचलं.

जर्मन मातीत पडल्या पडल्या हसत होता, तोंडात रक्त. "हाण आता, इलास. हातात काठी हाये, गरम बी हाये."

विलास धापा टाकत म्हणाला, "आज नाई. दमलो."

मी पिचक्या गंजात सरबत करून नेलं. दोघे एकाच गिलासातून प्यायले. पुढच्या रविवारी जर्मननं मोहाखाली दुसरी खुर्ची ठेवली आणि विलास पोरांना शिकवू लागला. दोन पायांमधून बॉल कसा काढायचा, ते शिकवायचा. बूड न हलवता, नुसत्या काठीनं रेघा काढून.

मग जर्मनला साखर निघाली. बुटातल्या खिळ्याची जखम डाव्या अंगठ्याला झाली, ती काळी पडत वर चढली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याखालून टांग कापली. नाहीतर माणूस गेला असता. ज्या टांगेवर सळई पडू दिली नाही, ती खिळ्यानं नेली.

विलास भेटायला आला तेव्हा मी आणि कमल तिथेच होतो. त्यानं चादर सपाट झालेली जागा पाहिली आणि एकदम भडकला. "कोनाले इचारून कापली? संभाळून ठेव म्हटलं होतं ना बे तुले?" नर्स धावत आली. मी तिला हातानंच थांबवलं.

जर्मनचा चेहरा पार पडला होता. इतका मार खाल्लेला माणूस, पण त्याला असं मी कधी पाहिलं नव्हतं. "चुकलो बे," म्हणाला. "नाई संभाळता आली." मग चादरीतून उजवा पाय बाहेर काढला. "हे हाये. हाण. मंग मी मोकळा."

मोकळा म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळलं. त्याला घरी यायचंच नव्हतं.

विलासनं काठी त्या उजव्या नडगीवर टेकवली. एक डोळा बारीक केला. 

"आज नाई," म्हणाला. "दवाखान्यात कोन हाणते? घरी ये पयले. मैदानावर ये. मंग पाहू."

आणि आला हो जर्मन घरी. दोन कुबड्या घेऊन मैदानावर आला. मोहाखाली पुन्हा दोन खुर्च्या, दोघांत मिळून धड पाय दोनच. एखादा पोरगा मागून पाय घालायचा तर जर्मन कुबडी फेकून मारायचा आणि विलास काठी. पोरं म्हणायची, पंच परवडला. रोज संध्याकाळी उठायच्या वेळी जर्मन पॅन्ट वर करायचा. आता उजवी. "हाणतो का आज?" विलास म्हणायचा, "आज नाई." असे काही पावसाळे निघाले.

यंदा धानाच्या कापणीच्या वेळी एका दुपारी जेवून खाटेवर पडला तो जर्मन उठलाच नाही. कोणाचा मार नाही, रक्त नाही. इतका साधा मेला.

अंगणात पांढऱ्या कपड्यात त्याला ठेवलं होतं. त्रिशरण, पंचशील झालं. खांदा द्यायला पोरं पुढे आली, तेवढ्यात विलास काठी टेकत आला. पोरांनी वाट सोडली. तो पायांशी बसला आणि पायावरचं कापड बाजूला केलं. नडगीवर काठी टेकवली. कमलनं माझा हात घट्ट धरला. 

विलास एक डोळा बारीक करून तसाच बसून राहिला. खूप वेळ. मला वाटलं, आता म्हणेल आज नाई, आणि उठेल. पण त्याला आधी समोरून सवाल लागायचा ना.

"इचार ना बे," तो हळूच म्हणाला. "इचार ना."