शिंगं कोणी आणायची

सत्तरच्या दशकात मी नागपूरला कृषी महाविद्यालयात शिकत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सरांपुढे उभं राहिलं की मला घाम फुटायचा.

आमचे एक सर परदेशातून शेतीची वेगळीच पद्धत शिकून आले होते. बंगल्यामागे त्यांची एक गाय, थोडी संत्र्याची झाडं आणि भाजीचे वाफे होते. तिथे ते आमच्याकडून प्रयोग करून घेत. गाईच्या शिंगात ताजं शेण भरायचं, दिवाळीच्या सुमारास जमिनीत पुरायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायचं. तोवर आतलं शेण काळंभोर, मातीसारखं झालेलं असे. त्यातलं थोडंसं बादलीभर पाण्यात खूप वेळ घुसळून वाफ्यांवर शिंपडायचं. याला ते शिंगखत म्हणत. मला हे सगळं फार आवडायचं. घरामागच्या आमच्या तुकड्यातही करून पाहावं, असं वाटायचं.

एके दिवशी वर्गात सर म्हणाले, "आता शिंगं लागतील. मेलेल्या गाईची." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू आणशील ना? तुमच्याकडे मिळतात."

वर्गात कोणी हसलं नाही. मी "हो सर" म्हणालो.

होस्टेलवर खोलीतला मित्र म्हणाला, "कायले घाबरतं बे? शिंगंच तं आणायची हाय, वाघ थोडी आणायचा हाय!"

त्याला कसं सांगणार? छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर वडिलांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. त्यापायी त्यांनी गावात मार खाल्ला, गावातली कामं गेली, शेवटी ते हिंगण्याला कारखान्यात लागले. शिंगं आणली, तर त्यांनी सोडलेलं काम माझ्या हातून परत घरात येणार होतं. नाही आणली, तर प्रॅक्टिकलमध्ये नापास, आणि मग शिष्यवृत्ती बंद.

रविवारी घरी गेलो. ताटातला भात नुसता चिवडत बसलो.

"काहून जेवून नाही राहिला गा?" वडिलांनी विचारलं.

"जेवू द्या न त्याले," आई म्हणाली.

मी सांगून टाकलं. वडील अर्ध्या जेवणावरून उठले आणि त्यांनी हात धुतले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते माझ्यासोबत निघाले. सरांच्या फाटकाशी मी हळूच म्हणालो, "बाबा, सरांले काही बोलू नका."

"तू चूप राह्य."

सर बागेतच होते. "या, या. आणलीत शिंगं?"

"नाही साहेब. एक इचारायचं होतं. जागा तुमची, गाय तुमची, शेण तुमचं, पाणीबी तुमचं. मंग शिंगच काहून माह्या पोरानं आणायचं?"

"अहो, माझा तसा काही हेतू नव्हता..."

"हेतू नाही इचारला साहेब. काहून, ते इचारलं."

मी खाली वाफ्याकडे पाहत होतो. माझं कॉलेज इथेच संपलं, असं मला वाटलं.

"शेण भरू द्या त्याले," वडील म्हणाले. "त्याले आवडते हे. पण शिंगं तो आणणार नाही." आणि दुपारची पाळी गाठायला ते निघून गेले.

त्यानंतर सरांनी वर्गात माझ्याकडे पाहणंच सोडलं. मित्र म्हणाला, "बाबूजीनं तुह्यी नय्या डुबवली, लेका." मी त्याच्यावर चिडलोही नाही. मलाही तसंच वाटत होतं.

मग प्रॅक्टिकलचा दिवस आला. सर स्वतःच्या स्कूटरवर मागे पोतं बांधून आले. वास असा, की पोरांनी नाकाला रुमाल लावले. सरांनी पोतं सोडलं, शिंगं वाफ्याशी ओतली आणि मला हाक मारली.

"ये इकडे."

मी गेलो. आता सगळ्यांसमोर काय बोलतील, या भीतीने कान तापले होते.

त्यांनी एक शिंग उचललं, तोंड वर करून दोन्ही हातांत धरलं आणि घमेल्यातल्या शेणाकडे मान हलवली. "भर."

मी भरू लागलो. घाईघाईत शेण त्यांच्या मनगटावर, घड्याळावर पडलं. मी थांबलो.

"थांबू नको. दाबून भर, आत पोकळी राहायला नको," ते म्हणाले. त्यांनी घड्याळ पुसलं नाही. शिंग भरलं, तसं ते खाली ठेवून सर दुसऱ्यासाठी वाकले.