मावशी आली म्हणजे भाचा येणार

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी गोंडपिपरीला मावशीकडे राहत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी कोणी न विचारताही सांगतो, त्यामुळे इथेही सांगून ठेवतो. विषय प्राणिशास्त्र. कॉलेज चंद्रपूरला होतं, पण प्रकल्प घेतला होता सापसुरळीवर, आणि सापसुरळ्या काही कॉलेजात येत नाहीत. त्या धानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आणि मावशीच्या घरामागे राहतात.

सापसुरळी म्हणजे पालीच्या नात्यातली, पण अंगाने चकचकीत आणि पायाने आखूड. सळसळत पळाली की पाय दिसतच नाहीत. माणूस आधी साप समजून उडी मारतो आणि मग शिव्या देतो. आमच्याकडे तिला सापसुरळी कोणी म्हणत नाही, सापाची मावशी म्हणतात.

घरामागच्या सांदवाडीत आंघोळीचा ओटा होता आणि त्या ओट्याखाली एक थोराड सापसुरळी राहायची. ऊन चढलं की ती बाहेर येऊन शेकत बसे आणि मी तिच्याकडे बघत बसे. घरात याला अभ्यास म्हणत नव्हते. पहिल्याच आठवड्यात मावशीनं तिला पाहिलं आणि खराटा उचलला.

"मावशी, मारू नको. तिले विष नाई."

"चावली त माणूस पाणी बी मागत नाई."

"कोणाले चावली?"

"ज्याले चावली, तो सांगाले राह्यला का?"

तोंडी परीक्षेत मला इतका अडचणीचा प्रश्न कोणी विचारला नाही. विषाचा मुद्दा मी सोडून दिला आणि दुसरीकडून गेलो. मावशीची एक रीत होती. गल्लीत नवी सून आली की ती पहिल्यांदा विचारायची, माहेर कुठचं. माहेर कळलं की त्या बाईला चहा मिळायचा. मी म्हणालो, "मावशी, हिचं माहेर लय दूर हाये. पार बरमाच्या पलीकडं."

मावशीनं खराटा खाली टेकवला.

मग मी सांगितलं, आपली ही जमीन एके काळी आफ्रिकेला चिकटलेली होती. ती तुटली, कितीतरी युगं समुद्रात एकटीच बेटासारखी सरकत राहिली आणि वर जाऊन आशियाला भिडली. वाट झाली तशी पूर्वेकडून, ब्रह्मदेशाच्या बाजूनं, हिची पणजी-खापरपणजी इकडे आली असावी, असं अभ्यासक मानतात. पुढे इथेच त्यांचा पसारा वाढला. आता हिच्या कितीतरी बहिणी अशा आहेत की त्या भारताबाहेर कुठे सापडत नाहीत.

"मंजे पायीपायी आली," मावशी म्हणाली.

"पायीच. लाखो पिढ्या लागल्या."

"एवढुशा पायानं." मावशीनं खराटा भिंतीला लावला. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीला सांगत होती, "आमच्या इथी बरमाची पाहुणी हाये." पाहुणी वाचली.

पुढच्या महिन्यात मावशीची एकुलती एक लेक, म्हणजे माझी मावसबहीण, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मावशीनं आतली खोली शेणानं सारवून ठेवली होती, बाज टाकली होती, खाली ठेवायची शेगडी घासून लख्ख केली होती. लेकीचं लग्न झाल्यापासून ती याच दिवसाची वाट पाहत होती. लेकीला सोडायला तिची सासू आली होती. वरोऱ्याची बाई, बाजारपेठेतली, बोलण्यात पक्की. आल्याआल्या पाय धुवायला त्या सांदवाडीत गेल्या आणि कोरड्या पायांनी परत आल्या.

"इहीनबाई, तुमच्या घरी सापाची मावशी हाये."

"हाये ना," मावशी कौतुकानं म्हणाली. "बरमाची हाये."

"कुठचीबी असो. मावशी आली मंजे भाचा येणार."

"कोन भाचा?"

"साप. मावशीच्या घरी भाचा येतेच." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, खाटेवर पोह्यांची बशी घेऊन बसलो होतो. "येते, अन् मंग जात नाई."

यावर मी बशी खाली ठेवली.

"सूनबाई, बॅग घे," इहीनबाई म्हणाल्या. "बाळंतपण वरोऱ्याले होईन. साप निंगते अशा घरी मी लेकराले ठेवत नाई."

मावशीचा चेहरा उतरला. ती मला हळूच म्हणाली, "एवढा शिकला ना तू? सांग त्याइले समजावून."

मी समजावलं. "बाई, हे सापाची मावशी नाहीच. साप सरड्या-घोरपडींच्याच घरातून निंगाला, त्याचे पाय गेले. पण त्याचं जवळचं नातं घोरपडीशी अन् सरड्याशी. हे त लय दूरची."

"लय मंजे किती?"

"डायनासोर होते तवाच वाटण्या झाल्या यांच्या."

"वाटण्या झाल्या त येणं-जाणं असनच."

"येणं-जाणं नाई बाई. साप तिच्याकडं आला, त तिले खाऊन टाकते."

हे शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर होतं. मावशीनं डोळे मिटले.

"मंजे पाहुणा मनून नाई, जेवाले येईन," इहीनबाई म्हणाल्या. "येईन त खरा. सूनबाई, बॅग."

"हा आत्ताच धरून नेते तिले धुऱ्यावर," मावशी माझ्याकडे बोट दाखवून घाईनं म्हणाली. मी बादली घेऊन सांदवाडीत गेलो. सापसुरळी ओट्याखाली शिरली. मी पोटावर पडून हात घातला, तेव्हा हातात फक्त शेपटीचं टोक आलं आणि ते वळवळायला लागलं. मागे उभ्या असलेल्या दोघी इहीनबाई एकदमच सपरीत गेल्या.

मग बहीण सावकाश आली, एका हातानं कंबर धरून ओट्यावर बसली आणि तिथूनच सासूला म्हणाली,

"आत्याबाई, लग्नापर्यंत मी याच ओट्यावर आंघोळ केली. माहं माहेर हाये. मी इथून उठत नाई."

"अन् साप आला त?"

"तुमाले भाच्याचा भेव हाये ना? मंग मावशीले काऊन घालवता? भाच्याले घालवा."

इहीनबाईंनी थोडा विचार केला. "हे पटते," त्या म्हणाल्या. "मीबी राह्यतो इथीच, लक्ष ठेवाले. खाट त रिकामी होईन."

बहीण सापाबद्दल बोलते आहे, असं मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं. संध्याकाळच्या बसनं मी पिशवी घेऊन चंद्रपूरला मित्राच्या खोलीवर गेलो.

बहिणीला मुलगी झाली. ती दवाखान्यातून बाळाला घेऊन सारवलेल्या खोलीतच आली. सापसुरळीला नवी शेपटी फुटत होती, आधीच्यापेक्षा आखूड आणि काळपट. बाळ आठवड्याचं झाल्यावर मी गेलो, तेव्हा दारातच इहीनबाई भेटल्या.

"आला का भाचा?"

"भाचा मनून नाई आलो," मी म्हणालो. "मामा मनून आलो."

त्यांनी माझ्या फुगलेल्या पिशवीकडे पाहिलं. "मामा राहाले नाई येत, घेऊन येते. काय आणलं?"

पिशवीत माझे कपडे होते.