सगळेच गाडी घेणार होते

शिवाजीनगरच्या स्थानकावर नाशिककडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीजवळ बसलो, तेव्हा माझ्या मांडीवर कोरी वही होती, खिशात दोन पेनं होती आणि चेहऱ्यावर मोहिमेला निघालेल्या सरदाराचं तेज होतं. तेज खेडच्या घाटापर्यंत टिकलं. घाटात गाडीने तीन वळणं घेतली आणि सरदाराला शेजारच्या बाईंकडून लिंबू मागून घ्यावं लागलं.

मोहीम अशी होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी एका वाहनांच्या कारखान्यात अंदाज बांधणाऱ्या विभागात होतो. पुढे किती गाड्या खपतील ते मी सांगायचं आणि कारखान्याने तेवढ्या बनवायच्या. दोन वर्षांपूर्वी मी खुर्चीत बसून लिहिलं होतं की गावाकडचे रस्ते वाईट आहेत, सबब तिथे मोटरसायकली खपणार नाहीत. रस्ते वाईट म्हणूनच लोकांनी मोटरसायकली घेतल्या, आणि त्याही दुसऱ्या कारखान्याच्या. कारण माझ्या विद्वत्तेवर विसंबून आम्ही पुरेशा बनवल्याच नव्हत्या. या खेपेला साहेबांनी मला खुर्चीतून उठवलं. कारखाना छोटा पिकअप टेम्पो काढणार होता. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत दसऱ्याला तो किती खपेल, हे घरोघर विचारून यायचं होतं. त्याच आकड्यावर पेठच्या विलासला एजन्सी द्यायची की नाही, तेही ठरणार होतं.

विलास पेठमध्ये रस्त्याकडेला ट्रॅक्टरची इंजिनं दुरुस्त करायचा. वय पस्तिशीचं. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. मी उतरलो तेव्हा तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होता. एजन्सी मिळाली की पत्र्याची शेड पाडायची आणि तिथे काचेचं शोरूम बांधायचं, असं त्याचं ठरलं होतं. महिनाभर त्याने नवं काम घेतलं नव्हतं. कुणाचं तरी एक इंजिन कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होतं आणि मालक दोनदा विचारून गेला होता.

"साहेब, तुमी फकस्त आकडा लिवा," तो म्हणाला. "पुढचं मी बघतो."

आम्ही पारगावकडे निघालो ते त्याच्या मोटरसायकलवर. जिच्या अस्तित्वाबद्दल मी लेखी शंका घेतली होती, तिच्याच मागच्या सीटवर बसून, दोन्ही हातांनी विलासची कंबर धरून मी बाजारपेठेचा अभ्यास सुरू केला.

पारगावात साखर कारखान्याचं गाळप बंद होतं, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस उभा होता. पहिल्याच घरी आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, मग चहा आला. त्यात साखर इतकी होती की कारखाना बंद आहे यावर विश्वास बसेना. चहा संपल्यावर मी वही उघडली आणि घरमालकांना विचारलं, यंदा पिकअप घेणार का?

"घेनार की, पावणं. का न्हाई घेनार?"

दुसऱ्या घरी पोहे आणि घेणार. तिसऱ्या घरी पुन्हा चहा आणि घेणार. एका म्हाताऱ्या आजोबांना दिसत नव्हतं, ऐकूही कमी यायचं, पण माझा प्रश्न त्यांच्या कानात ओरडून सांगितल्यावर तेही म्हणाले, घेऊ. संध्याकाळपर्यंत अकरा कप चहा माझ्या पोटात होता आणि वहीत एकही नकार नव्हता. मी मनातल्या मनात साहेबांसमोर उभा राहून भाषण करू लागलो. भाषणाच्या भरात पाटावरची (शेताला पाणी नेणाऱ्या चारीवरची) फळी चुकली आणि मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो. वही मात्र हात उंच करून वाचवली. काठावरच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. त्यांच्यापैकी एकीने विचारलं, "गाडी इकायला आलाय का पवायला?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी आम्ही जुन्नर तालुक्यात राजुरीला पोचलो. तिथे विलासची मावशी राहायची, हिराबाई. तिने मासवडी केली होती. (मासवडीत मासा नसतो. बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरतात आणि ती झणझणीत रश्श्यात बुडवून खातात.) पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला कान वाजले, तिसऱ्यानंतर मी आणखी मागितली.

जेवता जेवता मी ऐटीत वही दाखवली. मावशी, बघा, सगळेच गाडी घेणार आहेत.

मावशीने वाढणं थांबवलं. मी कुणाला, कसं आणि कधी विचारलं, ते तिने सगळं विचारून घेतलं. चहा पिऊन झाल्यावर विचारलं, हे ऐकल्यावर तिने कपाळावर हात मारला.

"आवो, चार कोस उनातनं आल्याला मानूस, तुमच्या दारात बसून चा पितोय. त्याला तोंडावर न्हाई कोन म्हनंल? आमच्यात तसं म्हनत न्हाईत."

मी विलासकडे पाहिलं. तो उठून दारातल्या मोटरसायकलच्या टायरची हवा बघत होता. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

"ह्याला ठावं हाय समदं," मावशी म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "शेड पाडल्यावर काय काचंकडं बघत बसंल ह्यो? ह्याच्या हातात इद्या हाय, साहेब. ती घालवू नका."

खरं उत्तर हवं तर ज्याचं त्याला विचारू नका, शेजाऱ्याचं विचारा, असा सल्ला तिने दिला. मी दुपारभर तसं केलं. काय सांगू! तो पिकअप घेईल? त्याच्याकडं सायकलचं पंक्चर काढायला पैसं न्हाईत. तो? त्याच्या बापानं कधी बैलाला झूल घेतली न्हाई. दुपार सरेपर्यंत अख्खी राजुरी कंगाल झाली. आता माझ्याकडे दोन याद्या होत्या. एकीत सगळे घेणार होते आणि दुसरीत कुणीच नाही, आणि कारखान्याला माझ्याकडून एकच आकडा हवा होता.

मी थकून एका वस्तीजवळच्या बांधावर बसलो. वही मिटलेली होती, आणि बहुधा म्हणूनच मला काहीतरी दिसलं. समोर एका पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट चढत होते. काही क्रेटवर लाल ठिपका होता, काहींवर निळा, काहींवर पिवळी रेघ. गाडी तुमची का, असं मी क्रेट उचलणाऱ्याला विचारलं.

"वस्तीची. म्हंजी नाव थोरल्या भावाचं, पर माल सात घरांचा जातो. सावड हाय आमची."

सावड म्हणजे आज माझी बैलजोडी तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या. बैल गेले, गाडी आली, सावड राहिली. कारखान्यात आम्ही घरं मोजत होतो. इथे गाडी घराची नव्हतीच, वस्तीची होती. दोन दिवस मी फक्त वस्त्या मोजल्या. चहा घेतला, पण प्रश्न विचारला नाही. माल कुणाच्या गाडीत चढतो तेवढं बघितलं. आकडा खरा निघाला आणि छोटा निघाला. पेठला एजन्सी चालेल इतका तो नव्हता.

शेवटच्या दिवशी दुपारी विलासच्या शेडपुढे पुण्याच्या गाडीची वाट बघत बसलो. सहा दिवस मी त्याच्या घरी झोपलो होतो. त्याच्या बायकोने माझी चिखलाची पँट दोनदा धुतली होती. आताही बरोबर शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती.

"मग, साहेब," विलास रस्त्याकडे बघत म्हणाला, "व्हईल का आपली एजन्सी?"

मी घसा साफ केला. सात घरं, सावड, आकडा, सगळं सांगायची तयारी होती. तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडले, "होईल की. का नाही होणार?"

विलासने माझ्याकडे पाहिलं. मग तो हसला, पण फार नाही.

"समजलं," तो म्हणाला.

तो आत गेला. पांढरा शर्ट काढून खुंटीला अडकवला, ताडपत्री ओढली आणि त्या इंजिनाचे बोल्ट सैल करायला बसला. एस.टी. आली, मी चढलो, खिडकीतून हात हलवला. त्याचे दोन्ही हात तोपर्यंत कोपरापर्यंत काळे झाले होते.

परतीच्या वाटेवर घाट मला लागला नाही. लाजच इतकी वाटत होती की मळमळायला जागा नव्हती. गावच्या लोकांना खरं बोलता येत नाही, असं मी राजुरीपासून मनात म्हणत होतो. त्यांच्या घरचं मीठ सहा दिवस खाल्ल्यावर मलाही ते आलं नाही. फरक एवढाच की त्यांचं न बोललेलं एकमेकांना कळतं, आणि मला त्यासाठी मावशी लागली.

साहेबांनी अहवाल वाचून विचारलं, दोन तालुके पालथे घालून एवढ्याच गाड्या? मी हो म्हणालो. त्या आठवड्यात ऐकलेल्या आणि म्हटलेल्या सगळ्या होकारांत छातीवर हात ठेवून सांगता येईल असा तेवढा एकच होता.