कोऱ्या उंदरांचं रक्त

पीएचडीसाठी मी दोन वर्षं पांढऱ्या उंदरांना अंड्याच्या पांढऱ्या भागातलं एक प्रथिन टोचत होते. आई आमच्या गावी, वरवट बकालला, सगळ्यांना सांगायची, "पोरगी औषधाच्या कॉलेजात शिकवते." उंदीर ती गाळायची. मला ते रास्तच वाटे. ज्या गावात उंदरांसाठी घरोघरी सापळे लावतात, तिथे त्यांना पंख्याखाली बसवून वेळच्या वेळी खाऊ घालणाऱ्या मुलीबद्दल आईने तरी किती बोलावं?

प्रश्न साधा होता. परकं प्रथिन शरीरात शिरलं की त्याला चिकटणारी प्रतिपिंडं रक्तात तयार होतात. स्वतःच्याच शरीराला चिकटणारीही प्रतिपिंडं असतात, आणि ती म्हणजे आजार, असं मी वर्गात पोरांकडून पाठ करून घेत असे. या दोन्हींचं आपसात काही नातं आहे का, ते मला बघायचं होतं. म्हणून उंदरांचे दोन गट केले. एका गटाला प्रथिन, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. हा दुसरा गट म्हणजे कोरे उंदीर. त्यांच्या रक्तात काहीच सापडायला नको होतं.

उंदरांची खोली काका सांभाळत. म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. आधी गावात बकऱ्या राखायचे, मीच त्यांना कॉलेजात लावून दिलं होतं. ओळखीसाठी आम्ही उंदरांच्या डोक्यावर, पाठीवर, शेपटीवर पिवळ्या रंगाचे ठिपके देत असू. काकांना त्याची गरज नव्हती. "तोंडं येगयेगळी असतात," ते म्हणत. मला सगळी तोंडं सारखीच दिसत, पण मी मान हलवायची.

मग कोऱ्या उंदरांच्या रक्तात दोन्ही सापडलं. अंड्याच्या प्रथिनाला चिकटणारंही आणि उंदराच्या स्वतःच्या पेशींना चिकटणारंही. थोडंसंच, पण प्रत्येकात. ज्या उंदरांनी जन्मात अंडं पाहिलं नव्हतं, त्यांच्यात. मार्गदर्शक सर म्हणाले, "पिंजरे बदलले गेले असणार." मलाही तेच पटलं, कारण दुसरं काही पटवून घ्यायचं तर दोन वर्षं शिकवलेलं मोडीत निघत होतं.

मी तडक खोलीत जाऊन काकांना विचारलं. विचारलं कसलं, झापलंच.

"म्या नाही बदलले व," काका म्हणाले. "हे समदे नर आहेत. परका पिंजऱ्यात टाकला असता तं सकायी फाटेल भेटला असता."

"एकाच पिंजऱ्यातलेही एकमेकांना चावतात. मी पाहिलंय," मी म्हणाले.

"हाव. परक्याले चावाचे दात येगळे थोडीच असतात?"

आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. माझ्या दोन वर्षांच्या कामाचं उत्तर तिथे हातात खराटा घेऊन उभं होतं. मी त्याला, 'उलट बोलू नका,' म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

सर म्हणाले, काकांकडून लेखी घ्या, म्हणजे प्रयोग पुन्हा करायची परवानगी मिळेल. कागद मीच लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. 'सफाईच्या वेळी माझ्या हातून पिंजऱ्यांची अदलाबदल झाली.' काकांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली सही केली. मला वाटलं, अखेर कबूल झाले. त्यांना बागेला पाणी घालायच्या कामावर पाठवलं. पोरं त्यांना बघून उंदराचे आवाज काढत. मी एकदाही कुणाला हटकलं नाही.

नवे उंदीर आले. खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये. घाण काढली मी, पाणी दिलं मी, दोनदा चावूनही मीच घेतलं. कोऱ्या उंदरांच्या रक्तात पुन्हा तेच. मग ते रक्त आधी अंड्याच्या प्रथिनात मिसळून पाहिलं, तर स्वतःच्या पेशींना चिकटणंही कमी झालं. म्हणजे परक्याला धरणारी आणि आपल्याला धरणारी, काही प्रतिपिंडं तरी तीच होती. निरोगी उंदरात जन्मापासून ती थोडी असतातच, हे इतरांनी आधीच लिहून ठेवलेलं मला त्यानंतर वाचायला सुचलं. सर खूश झाले. पहिल्या खेपेचे आकडे मात्र वापरता येणार नाहीत म्हणाले, कारण ते चुकीचे असल्याचा कागद फायलीत आहे.

काका बागेत कण्हेरीला पाणी देत होते. मी सगळं सांगितलं. चूक झालीच नव्हती, तुम्ही काही बदललं नव्हतं, चूक माझी होती. माफ करा, असंही म्हणाले.

काकांनी नळी खाली ठेवली. "पक्कं?"

"पक्कं. पण मग सही काऊन केली, काका?"

"मले तं याद होतं, बदलले नाही म्हून. पण तू शिकेल पोरगी. तू म्हणून राह्यली तं मले वाटलं, झालं असन माह्या हातून, माह्याच ध्यानात नसन." ते हाताची माती झटकत राहिले. "तुह्या काकीले साखरेची सुई रोज मीच देत होतो. सही केली तवापासून नाही देत. एखांद्या दिवशी दोनदा देऊन बसलो तं? ते जाते मंग रोज चालत दवाखान्यात."

काकींना मधुमेह आहे, गुडघे दुखतात आणि दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. मला इतकी लाज वाटली की मी पायाखालच्या चिखलाकडेच बघत राहिले.

"मंग आता सुई म्या देल्ली तं चालंन?" काकांनी विचारलं.

मी हो म्हणाले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पुन्हा विचारलं.