आधी सांगा, आत काय आहे

माझा धाकटा भाऊ कुलपं उघडतो, चाळीस वर्षं. देवभोळा इतका, की कुलपाला हात लावण्याआधी डोळे मिटून पुटपुटतो. मला वैताग येतो. पण घर उघडून मागणाऱ्याला तो आधी विचारतो, "आत काय आहे?" सांगितलेलं जुळलं नाही तर दार परत बंद. म्हणतो, "दार उघडणं म्हणजे देवासमोर साक्ष देणं."

निवडणुकीनंतर गल्लीत उभी फूट पडली. हरलेल्या पक्षाचा प्रचार करणारी नर्स कामावरून परतली, तर तिच्या दाराला भलंमोठं नवं कुलूप. जिंकलेल्या पुढाऱ्याने लावलेलं. म्हणे, घर त्याच्या माणसाचं. ठाण्यात तक्रार घेतली नाही, म्हणून ती भावाकडे आली. भावाचं मत त्याच पुढाऱ्याला गेलेलं!

"उघडू नकोस, दुकान फोडतील," मी म्हटलं.

"ताई, देवाला घाबरत नाहीस आणि या टोळक्याला घाबरतेस?"

मी त्याच्यामागे निघाले.

तो दारापुढे बसेपर्यंत पुढारी दहा जण घेऊन हजर. एकाच्या हातात गज.

"काका, हात लावलात तर बघा."

"कुलूप तुमचं ना, साहेब? मग तुम्हीच सांगा, आत काय आहे?"

"पलंग, कपाट! घरात काय असतं?"

नर्स पुढे झाली. "पलंग नाहीच. आईचं शिलाई मशीन आहे, पायडल दोरीने बांधलेलं. खिडकीत कान तुटलेला कप, त्यात पेन्सिली."

भावाने डोळे मिटले. गजवाला पुढे सरकला. अरे, आटप की! कुलूप खटकन उघडलं.

"साहेब, आधी तुम्ही बघा."

पुढाऱ्याने डोकावलं. मशीन, दोरी, कप. सगळी गल्ली बघत होती. तो वळला आणि चालू लागला.

सकाळी तेच कुलूप भावाच्या दुकानाला. समोर तेच दहा जण, गजासकट. भाऊ पायरीवर शांत बसलेला.

"उघड की रे!" मी म्हटलं.

"आधी कुणीतरी मला विचारायला हवं."

हात जोडावेत की थोबाडीत द्यावी? "सांग बाबा, आत काय आहे?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले.

"देवाची तसबीर, मोडका पंखा आणि तुझा तीन महिने परत न दिलेला डबा."

त्याने डोळे मिटले. मी त्याच्याकडे पाठ करून त्या दहा जणांसमोर उभी राहिले. तेवढ्यात नर्स येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

"सावकाश होऊ दे," मी म्हटलं.