काशीआत्याचं जुनं बियाणं

सापगावात आमच्या शेजारी राहणारी काशीआत्या पेरणीआधी भाताचे शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधायची आणि ती पुरचुंडी गोणपाटाखाली ठेवायची. मग त्या पुरचुंडीला कुणी हात लावलेला आत्याला खपायचा नाही. "रुजत्या बियाला हलवायचा नाय," म्हणत तिने लहानपणी माझ्या हातावर कितीदा चापट मारली असेल. जुनं बियाणं तीन दिवसांत उगवलं नाही, की लोक ते कोंबड्यांना टाकत. आत्या आणखी दोन दिवस थांबायची. रुजलं की नाही, याचा निवाडा तिचाच.

पुढे मी फिजिओथेरपिस्ट झाले, शहापूरला दवाखाना टाकला. सत्तरी ओलांडलेल्या आत्याचा पाय मोडला, तेव्हा प्लास्टर निघाल्यावर तिला माझ्याकडेच आणलं. एक मांडी दुसरीची लेक वाटावी इतकी वाळली होती. तिला चिंता एकच, लावणीला खाचरात उतरता येईल का. बांधावर बसून चहा करणारी म्हातारी तिला व्हायचं नव्हतं.

मी शहाणपणा केला. म्हटलं, स्नायूंत काही पेशी बियाण्यासारख्या निजून असतात. इजा झाली की जाग्या होऊन नवं मांस धरतात. वय झालं की त्यांची झोप जड होते, काही तर उरतही नाहीत. आत्या खूश झाली. "म्हंजी जुना बी. दोन दिस जादा लागतील, येवढाच ना?"

व्यायाम शिकवून पाठवलं. आठवड्याने घरी गेले, तर आत्या मांडीला ओलं गोणपाट गुंडाळून निश्चल पडलेली. सुनेला पायाला हातही लावू देत नव्हती. मला हसू आवरेना, आणि स्वतःची लाजही वाटली, कारण मांडी आणखी उतरली होती. हे बी पडून राहिलं तर रुजत नाही, कामाला लावलं तरच जागं होतं, असं मी आता नीट सांगितलं. तिने मलाच झापलं.

"मंग तो बी नाय गो, बैल हाय. आदी तसा सांगायचा."

त्या दिवसापासून ती बाकड्यावरून उठबस करू लागली, पुढे पाटावरून. मला शिव्या घालायची, पण एक दिवस चुकवला नाही. पाय भरला, पूर्वीसारखा मात्र नाही.

लावणीला ती सुनेचा हात धरून खाचरात उतरली. सुनेच्या तीन ओळी झाल्या तेव्हा आत्याची एक झाली. बांधाला टेकली, तेव्हा मांड्या थरथरत होत्या. चिखलाचा हात मांडीवर ठेवून तिने मला विचारलं, "बोल, रुजला का नाय?"

"रुजला, आत्या," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

त्याच वर्षी थंडीत ती गेली. म्हाताऱ्या पेशंटना मी आता बियाण्याचं सांगत नाही, बैलाचं सांगते. आणि दोन दिवस जास्त थांबते.