देह ठेवला म्हणे

‘प्रभाकरदादांनी आज सकाळी देह ठेवला. कोणीही शोक करू नये.’ बिल्डिंगच्या ग्रुपवर हा मेसेज आला तेव्हा मी चहा गाळत होतो. देह ठेवला! कोपऱ्यात छत्री ठेवावी तसा? अरे, मेला म्हणा ना. वारला म्हणा, गेला म्हणा. माझा दोस्त गेला आणि ह्यांना शब्द सुचला तो हा... दीड महिना झाला, माझं डोकं अजून शांत होत नाही.

परभा, म्हणजे हे प्रभाकरदादा, मूळचा इथल्याच कोपर गावचा, आगरी, धंद्याने इलेक्ट्रिशियन. आमची दारं समोरासमोर. मी जन्माने बौद्ध, पण देव, आत्मा, पुनर्जन्म काहीच न मानणारा. विहारातही जात नाही. तो दर रविवारी विठ्ठलवाडीला सत्संगाला जाणारा, आमच्या मजल्यावरची निम्मी घरं त्याच सत्संगाची. तिथून आला की थेट माझ्याकडे, आणि मग आमची जुंपायची. “बल्ब उडाला म्हणून वीज संपते काय रे?” हा त्याचा हुकमाचा एक्का. मी म्हणायचो, “बिल नाही भरलं तर संपते.” मग असा खदखदून हसायचा की बशीतला चहा लेंग्यावर. “तू मेल्यावर पन भांडशील,” म्हणायचा. वर्षानुवर्षं हेच. दोघांपैकी एकही तसूभर हलला नाही.

मग पोटाचा कॅन्सर निघाला. औषधपाणी त्याने नीट केलं, उगाच खोटं कशाला बोलू. पण ठाण्याच्या हॉस्पिटलात शेवटी शेवटी गेलेलो तेव्हा कॉटभोवती सत्संगवाले भजन म्हणत होते आणि हा त्यांच्याकडे बघून हसत होता. ते निघाले, त्याची बायको, सुनंदावहिनी, त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेल्या, आणि त्याचं हसू पुसलं गेलं. माझं मनगट धरून म्हणाला, “लय भीती वाटते रे. सुनंदाला सोडून नाय जायचं मला... कुणाला बोलू नको. हसतील.” जन्मभर ज्या वादात मला त्याला हरवायचं होतं, तो वाद मी तिथे जिंकलो. थू असल्या जिंकण्यावर! ‘नाही बोलणार’ असा शब्द दिला आणि नुसता त्याचा हात चोळत बसलो.

दहावं-तेरावं झालं, मग सत्संगाच्या हॉलमध्ये सभा झाली. जो उठला तो एकच बोलला, दादांनी हसत हसत देह ठेवला, त्यांना कसली आसक्तीच उरली नव्हती. वहिनी पहिल्या रांगेत, कोरड्या डोळ्यांनी. मध्येच त्यांचा हुंदका फुटला तर शेजारच्या बाईने लगेच हात दाबला, “नको, आत्मा अडकतो.” रडायलाही बंदी! माझ्या ओठांवर शिवी आलेली. गिळली, कारण परभाला शब्द दिला होता.

गेल्या आठवड्यात दुपारी वहिनी आमच्याकडे आल्या. माझ्या बायकोने पाणी दिलं, ते तसंच हातात धरून म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही देवाबिवाचं मानत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. ते खरंच हसत गेले?”

बायको माझ्याकडे बघत होती. शब्द दिलेला माणूस गेला होता आणि विचारणारी समोर बसली होती.

“नाही वहिनी. घाबरला होता. खूप. तुम्हाला सोडून जायचं नव्हतं त्याला.”

त्यांनी पेला खाली ठेवला. “सगळे सांगतात, आसक्ती नव्हती. मला वाटायचं, इतका संसार केला आणि मला सोडताना ह्यांना काहीच वाटलं नाही...” आणि मग ज्या रडल्या! महिनाभराचं तुंबलेलं रडणं ते. पॅसेजमध्ये पटापट दारं उघडल्याचे आवाज आले. मी उठलो, आमचं दार लोटून घ्यावं म्हणून.

“राहू द्या उघडं, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “ऐकू दे.”